हरकत असल्यास कळवावे

पोलीस ठाण्यातल्या लाकडी बाकावर प्रेमात पडायला कुणी जात नाही. तिथे लोक जातात ते मोबाइल हरवला म्हणून, नाहीतर बांधावरून डोकी फुटली म्हणून. रोहिणी गेली होती चारित्र्याच्या पडताळणीसाठी. जिते गावच्या दिनानाथची मुलगी सभ्य आहे, हे पेणच्या पोलिसांकडून न्यूझीलंड सरकारला कळायचं होतं. तिची आई मालू म्हणाली होती, "मला इचारा म्हनावं, मी सांगते ना." पण सरकारं अशी आयांना विचारत नाहीत.

बाकावर आधीच एक उंच तरुण बसला होता. मांडीवर गच्च भरलेली फाइल, आणि डोळ्यांत शाळेच्या पहिल्या दिवसाची भीती. टेबलापलीकडून हवालदार पुंडलिक त्याला तपासत होते.

"नाव निमिष टिपणीस. बरं. जायचंय कुठं?"

"कुठेच नाही. मला यायचंय."

"कुठून?"

"न्यूझीलंडहून."

"मग आलात की!"

"तसं नाही... कायमचं यायचंय. भारताचं नागरिकत्व हवंय. तिकडचं सोडून."

पुंडलिकांनी पेन खाली ठेवलं. वीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी जाणारे शेकड्यांनी पाहिले होते. येणारा हा पहिलाच. त्यांनी आवाज खाली आणून, जरा आपुलकीनंच विचारलं, "तिकडं काय करून आलात? खरं सांगा, काय घाबरू नका."

"अगोबाई!" तो उंच तरुण म्हणाला. "तसलं काही नाही हो! इश्श, काहीतरीच काय!"

रोहिणीनं ओढणीचं टोक तोंडात कोंबलं, पण हसू काही तिथे मावेना. तो वळला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"मराठी आजीकडून शिकलो," तो म्हणाला. "फक्त आजीकडून. त्यामुळे मी जरासा... बाईसारखा बोलतो."

"बाईसारखे नाही," रोहिणी म्हणाली. "सत्तर वर्षांच्या बाईसारखे."

तोही हसला. हसताना त्याचे डोळे पार मिटत. रोहिणीनं ते उगाचच लक्षात ठेवलं.

तिच्या हातातल्या कागदावरचं देशाचं नाव त्यानं वाचलं, आणि त्याच्या भुवया वर गेल्या. "तुम्ही तिथेच चाललात? अहो, मी तिथलं सोडून आलो!"

"का सोडलंत?"

"तुम्ही का चाललात?"

तेवढ्यात पुंडलिकांनी रोहिणीचं नाव पुकारलं, आणि ती उठली.

आता ही गोष्ट इथेच संपली असती. पण पनवेल-रोहा गाडीला दिवसातून फेऱ्याच मोजक्या, आणि सकाळच्या गाडीला पर्याय नाही. रोहिणी रोह्याच्या एका दवाखान्यात नर्स होती, ती जित्याला चढायची. निमिष रोह्याजवळच्या धाटावच्या एका कंपनीत पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत होता, पेणला सुनीतीआत्याकडे राहायचा, तो पेणला चढायचा. तिसऱ्याच दिवशी तो डब्यात शिरला आणि तिला पाहून म्हणाला, "अगोबाई, तुम्ही!" सगळा डबा वळून बघायला लागला. रोहिणीनं घाईघाईनं पर्स उचलून शेजारची जागा मोकळी केली. त्याला गप्प बसवायला म्हणून केली, असं तिनं स्वतःला सांगितलं. आपण ऐकून घ्यायचं, मानायचं नाही.

मग सौदा ठरला. तो तिला तिकडची इंग्रजी शिकवणार, आणि ती त्याला इकडची रीत.

इंग्रजीच्या परीक्षेत रोहिणी तिसऱ्या खेपेला पास झाली होती, पण तिकडची माणसं बोलताना अर्धे शब्द गिळतात म्हणे. तो जिथून आला आणि ती जिथे जाणार, त्या हॅमिल्टनच्या पेशंटसारखं निमिष तिला बोलून दाखवायचा. तोंडात गरम बटाटा धरल्यासारखं. "सिस्टर, माझा गुडघा दुखतोय," असं तो इंग्रजीत म्हणायचा आणि तिला ऐकू यायचं भलतंच काही. बदल्यात तिनं त्याला पहिला धडा दिला तो आभार न मानायचा.

"रिक्षावाल्याला थँक्यू, भजीवाल्याला थँक्यू, ज्यानं पायावर पाय दिला त्यालाही थँक्यू! लोकांना वाटतं, तुम्ही टोमणा मारताय."

"मग काय म्हणू?"

"काही नाही. मान हलवायची."

"एवढंच?"

"फार उपकार झाले असतील तर 'येतो' म्हणायचं."

तो मनापासून शिकत होता. नागोठण्याच्या आसपास एकदा एका मावशींनी त्याला चांगलंच झापलं. जागा अडवून बसलायस, म्हणाल्या, घरी कुणी वळण लावलं नाय का? तो खिडकीशी सरकला आणि इतका खूश दिसला, की रोहिणीला राहवेना.

"शिव्या खाऊन हसताय?"

"तिकडे मला कुणी रागवत नाही गो," तो म्हणाला. 'गो' त्याच्या तोंडून सहज सुटला, आणि तिनं तो ऐकला नाही असं दाखवलं. "आजी रागवायची. ती गेली. आई-बाबांचे संसार वेगळे, त्यांची इंग्रजी घरं. आजी गेल्यावर एक दिवस मी फ्रिजशी मराठीत बोललो. दूध संपलंय मेल्या, असं. तेव्हा ठरवलं."

"पण तुमच्याकडे ते परदेशी भारतीयांचं कार्ड आहे ना? त्यावर जन्मभर राहता येतं."

"येतं. पाहुण्यासारखं. पाहुण्याला कुणी रागवत नाही, आणि भांडीही घासायला लावत नाही. मला घरातला व्हायचंय."

रोहिणी खिडकीबाहेर बघत राहिली. तिला नेमकं उलटं हवं होतं. जित्याला ती दिनानाथची पोर, रोह्याला धाकटी सिस्टर, गाडीत जित्याची रोहिणी. एकदा तरी अशा रस्त्यानं चालायचं होतं, जिथे कुणीही "काय गो, कुठं निघालीस?" विचारणार नाही. त्यासाठी तिनं तीन वर्षं अभ्यास केला होता. ते तिला हवं म्हणजे हवंच होतं.

जानेवारीत दवाखान्यातल्या मंडळींनी पोपटी लावली. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, बटाटे, आणि वर पेटता पेंढा. रोहिणीनं निमिषला बोलावलं. संध्याकाळचं ऊन शेतावर कलतं झालं होतं, आणि त्या बावळटानं मडकं उतरताच थेट आत हात घातला.

"आई गं!"

"अहो, वेडे आहात का?" तिनं त्याची बोटं ओढून घेतली आणि तांब्यातल्या पाण्यात बुडवली. नर्सच ती, तिनं हजारो हात धरले होते. पण हा हात धरल्यावर स्वतःचीच नाडी मोजायची वेळ तिच्यावर आली.

"रागव ना आणखी," तो हळूच म्हणाला.

"बोटं बुडवून ठेवा."

"ठेवा नाही... ठेव."

"...ठेव," ती म्हणाली, आणि शेंग सोलायला खाली वाकली. शेंग केव्हाच सोलून झाली होती.

त्यानंतर तो तिला तिकिटांच्या पाठीवर हॅमिल्टनचे नकाशे काढून देऊ लागला. हे हॉस्पिटल, ही नदी, ही बेकरी, पाऊस आला तर इथे मागे उभं राहायचं. नकाशे काढताना त्याचा आवाज मऊ व्हायचा, आणि रोहिणी ते तिकीट पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवून द्यायची. हा इथे राहणार म्हणून आपण खूश, आणि आपण तिथे जाणार म्हणूनही खूश. मग हे रडू कसलं येतंय?

जूनमध्ये निमिषच्या अर्जाचं पुढचं पाऊल आलं. नागरिकत्व मागणाऱ्यानं वर्तमानपत्रात तशी नोटीस द्यायची असते. निमिष ती टाइप करून घ्यायला पेणच्या कचेरीशेजारच्या टायपिंगवाल्या प्रविणकडे गेला. प्रविण हुशार माणूस, पण त्याच्या कॉम्प्युटरमध्ये नोटिशीचा नमुना एकच होता, आणि तो जमीनखरेदीचा. त्यानं नाव बदललं, "मिळकत" खोडून "नागरिकत्व" घातलं, आणि बाकीचं राहू दिलं. चांगलं भारदस्त होतं ते. फक्त मूळ घराण्याची ओळख म्हणून अर्जातलं पणजोबांचं नाव-गाव आपल्या अकलेनं जोडलं.

तर नोटीस अशी छापून आली, की कै. हैबतराव टिपणीस, मौजे जिते, यांचा पणतू निमिष हा भारताचे नागरिकत्व सर्व हक्कांसह घेऊ इच्छितो. त्यावर कुणाचाही वारसा, गहाण, कब्जा, वहिवाट वा अन्य स्वरूपाची हरकत असल्यास पंधरा दिवसांत लेखी पुराव्यासह कळवावे.

आपल्याकडे पेपर मागून पुढे वाचतात. जमिनीला सोन्याचा भाव आल्यापासून रायगडचा माणूस आधी नोटिसा बघतो, मग कोण गेलं ते, आणि वेळ उरला तर देशाचं काय चाललंय ते. दिनानाथनं ओट्यावर बसून पेपर उघडला आणि चहाची बशी लवंडली.

"मालू! अगो मालू! हैबतरावाचा पनतू आला गो जमीन मागाया!"

दिनानाथची तीन एकर भातजमीन एकेकाळी कागदोपत्री टिपणिसांची होती. कसायचा मात्र दिनानाथचा आजा. कुळकायदा आला, जमीन कुळाच्या नावावर झाली, त्यालाही आता साठेक वर्षं होऊन गेली. टिपणीस मंडळी मास्तरकीला लागली, शहरांत पांगली. प्रश्न मिटला होता. पण मिटलेला प्रश्न आणि निजलेला साप, दिनानाथ दोघांनाही सारखाच भ्यायचा.

तो त्याच दुपारी पेणला गेला, प्रविणकडेच. प्रविणनं हरकतही टाइप करून दिली, त्याला काय! सोबत सातबारा, फेरफार, आणि शेतात खांद्यावर फावडं घेऊन उभ्या दिनानाथचा रंगीत फोटो. संध्याकाळी त्यानं घरात ती मोठ्यानं वाचून दाखवली.

"सबब, सदर इसमास भारत देश देण्यास माझी सक्त हरकत आहे."

रोहिणीला ठसका लागला. मालूनं पाठ थोपटली. "सावकास खा गो."

"भाऊ, ती... ती जमिनीची नोटीस नसेल," रोहिणीनं वडिलांना समजवायला जपून सुरुवात केली.

"तुला काय ठाव? तू वळखतेस त्याला?"

आता काय सांगणार? वळखते, भाऊ. पोपटीत हात भाजतो, आभार मानतो, हसताना डोळे मिटतो. तिनं भाकरीचा तुकडा तोंडात घातला आणि मान हलवली. कोणत्या बाजूला हलवली, ते तिचं तिलाच कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी गाडीत हे ऐकून निमिष आधी पोट धरून हसला, आणि मग त्यानं कपाळाला हात लावला. हरकत आली म्हणजे चौकशी आली. चौकशी होईपर्यंत अर्ज पुढे सरकणार नव्हता.

"तुमची जमीन आमची होती?" त्यानं विचारलं.

"आमचीच होती. कागद तेवढा तुमचा होता."

"मग बरोबर आहे," तो म्हणाला. "मी त्यांच्या जागी असतो तर मीही घाबरलो असतो." रोहिणीला वाटलं होतं, तो चिडेल. तो चिडला असता तर सोपं गेलं असतं. ती त्याच्या प्रेमात आहे हे तिला त्या दिवशी, कासूच्या स्टेशनात, नाकारायला जागाच उरणार नाही इतकं स्पष्ट समजलं.

चौकशीची तारीख ऑगस्टमध्ये पडली, पेणच्याच एका कचेरीत. अर्जदारानं दोन साक्षीदार आणायचे, त्याच्या वागणुकीची हमी द्यायला. पहिला प्रविण, दुसरी रोहिणी. आणि नेमका त्याच सकाळी, घरातून निघताना, रोहिणीच्या मोबाइलवर मेल आला. तिचा व्हिसा झाला होता.

दिनानाथ पहिला नंबर लागावा म्हणून पहाटेच्या एसटीनं पुढे गेला होता. ती एकटीच गाडीनं पेणला उतरली. बाहेर रिपरिप चालू होती, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या गणपतींचे टेम्पो मूर्तिकारांच्या जोह्याकडून येत होते. निमिष छत्री घेऊन उभा होता. तिनं मोबाइल त्याच्यापुढे धरला.

त्यानं वाचलं. पुन्हा वाचलं. मग म्हणाला, "चल, मी अर्ज मागे घेतो. तिकडेच जाऊ. माझा पासपोर्ट अजून आहे."

"काय?"

"तुझ्याशिवाय इथे काय करू गो?"

कुठल्याही मुलीनं ऐकून विरघळावं असं वाक्य. रोहिणीचं मात्र टाळकं सरकलं. "वर्षभर राहिलास, नोटिसा दिल्यास, माझ्या बापाची झोप उडवलीस, आणि आता परत जातो?" ती छत्रीबाहेर पडली आणि भिजत, तरातरा पुढे चालू लागली. तो मागून छत्री धरून पळत होता. छत्री तिच्यावर, तो पावसात.

कचेरीत चौकशीच्या मॅडमनी दिनानाथची हरकत वाचली, फोटो पाहिला, आणि चष्मा पुसला.

"काका, हे नागरिकत्वाचं प्रकरण आहे. यात जमिनीचा संबंध नाही."

"मंग नोटिशीत वहिवाट कशाला लिवली?"

सगळ्यांनी प्रविणकडे पाहिलं. प्रविण पंख्याकडे बघू लागला.

"म्हंजे याला जमीन नको?"

"नको हो काका," ओलाचिंब निमिष म्हणाला. "एक इंचही नको."

"लिवून दे."

निमिषनं तिथल्या तिथे लिहून दिलं. दिनानाथनं कागद दोनदा वाचला, घडी घालून टोपीत ठेवला आणि हरकत मागे घेतली. मॅडमनी सुस्कारा सोडला. "दुसरा साक्षीदार?"

रोहिणी पुढे झाली.

"तू?" दिनानाथ उठलाच. "तू हितं कशी गो?"

"बसा काका," मॅडम म्हणाल्या आणि रोहिणीकडे वळल्या. "नाव? बरं. अर्जदाराशी नातं काय? साक्षीदार नात्यातला चालत नाही, माहीत आहे ना?"

रोहिणीनं चेहऱ्यावरचं पावसाचं पाणी पुसलं. "मॅडम, इथे खोटं सांगितलं तर?"

"गुन्हा होतो."

"मग लिहा." ती टेबलाशी आणखी सरकली. "नातं नाही... अजून. मी त्याला दहा महिने ओळखते. आज माझा व्हिसा आला. मी जाणार. मला जायचंच आहे, ते मी कुणासाठी सोडणार नाही. दोन वर्षं तिथे नोकरी करीन, कायमच्या रहिवासाचा शिक्का घेईन. तो एकदा बसला की कधीही जाता येतं, कधीही परत येता येतं. मग मी येणार. अर्जदार म्हणतो, तो अर्ज मागे घेऊन माझ्याबरोबर येतो. त्याला तसं करू देऊ नका. इथे तो घरातला व्हायला आलाय. माझ्यामागे परत गेला, तर जन्मभर माझ्यावर उपकार केल्यासारखा राहील. मला उपकार नकोत. मला तो हवाय. आणि इथे हवाय... म्हणजे मला यायला घर राहील."

बाहेर पावसाची सर जोरात आली. मॅडमचं पेन हवेतच होतं.

"हे... सगळं लिहायचं?"

"शपथेवर सांगतेय ना."

"मी थांबेन," निमिष म्हणाला. "दोन काय, चार वर्षं. आणि मध्ये भेटायलाही येईन."

"कसा येशील?" रोहिणी रडता रडता हसली. "तोवर तू भारतीय झालेला असशील. व्हिसा काढावा लागेल तुला. तिकडचे विचारतील, परत जाशील कशावरून?"

"अर्जदारानं आणि साक्षीदारानं आपसांत बोलू नये," मॅडम म्हणाल्या, पण त्यांनाही हसू आवरत नव्हतं. मग त्या गंभीर झाल्या. "मुली, हे ऐकल्यावर तुझी सही मला घेता येणार नाही. आणि आज दुसरा साक्षीदार नसेल, तर फाइल परत जाईल. पुन्हा नोटीस, पुन्हा पंधरा दिवस..."

दिनानाथ खुर्चीत बसून होता. त्यानं पोरीकडे पाहिलं, त्या भिजलेल्या लांबड्याकडे पाहिलं. टोपी काढली, पुन्हा घातली. तीन वर्षं पोर परदेशी जाणार म्हणून तो गावभर मिरवला होता. पण ती परत येणार, हे आज तो पहिल्यांदा ऐकत होता. त्याचे डोळे भरले, म्हणून तो खेकसला.

"माझी घ्या सही."

"काका, तुम्ही तर हरकत घेणारे."

"मागं घेतली ना? मोकळा झालो."

"पण तुम्ही आता मुलाचे सासरे होणार. नातेवाईक चालत नाही."

"कवा झालं लगीन? तुमाला पत्रिका आली का? तवर मी परकाच हाय. घ्या लवकर, परका हाय तवर."

मॅडमनी नियम आठवून पाहिला. बिनतोड होतं. "अर्जदाराला किती वर्षं ओळखता?"

"मानूस अर्ध्या तासाचा. घरानं चार पिढ्यांचं."

"त्याच्या वागणुकीची हमी देता?"

दिनानाथनं पेन उचललं, आणि टेबलाच्या कडेखाली त्याची नजर गेली. तिथे निमिषनं रोहिणीचा हात घट्ट धरला होता.

"आधी हात सोडाया सांगा त्याला. मंग देतो."

निमिषनं हात सोडला नाही. दिनानाथनं जरा वेळ वाट पाहिली, आणि मोठ्या, ठसठशीत अक्षरांत सही केली.